पिवळं पडू द्या

ऐकताय का? मी मुलुंडमधून बोलतोय, गव्हाच्या दाण्याच्या आतून. आवाज चढलेला वाटत असेल, तर तो चढलेलाच आहे. हळू बोलून पाहिलं, कुणाच्या कानापर्यंत गेलं नाही.

मी ॲब्सिसिक आम्ल. दचकू नका, अंगावर सांडलं की भाजणारं ते आम्ल मी नव्हे. झाडाला कधी काय करायचं हे सांगणारी काही रसायनं त्याच्या अंगातच तयार होतात. तुम्ही त्यांना संप्रेरकं म्हणता. त्यांतला मी एक. शाळेत तुम्ही आम्हा सगळ्यांची नावं घोकली आहेत आणि पेपर संपल्यावर विसरूनही गेला आहात. ऑक्झिन वाढवतो, जिबरेलिन उंच करतो, सायटोकायनिन पेशी वाढवतो. वा! काय एकेकाचं कौतुक! आणि शेवटी मी. माझ्यापुढे काय लिहायचं? वाढ रोखणे, पाने गळणे. संपलं. जणू काही भरल्या घरात शिरलेला चोरच मी! 'जोड्या लावा'मध्ये मुलं मला शेवटी उरलेल्या जागेला चिकटवून मोकळी होतात.

आता मी खरं काय करतो ते एकदा नीट ऐका.

गव्हाचा फुलोरा झाला की दाण्याची घडण सुरू होते. सगळ्यात आधी सायटोकायनिन कामाला लागतो. दाण्यात पेशी किती व्हायच्या ते तो बघतो. जितक्या पेशी, तितकी पुढे पीठ साठवायला जागा. मग ऑक्झिन आणि जिबरेलिन दाण्याला फुगवतात. दाणा दुधाने भरतो, ओंबी टपोरी दिसते, बघणाऱ्याचे डोळे निवतात. पण त्या दुधाचं काय करायचं? ते दूध म्हणजे धान्य नव्हे. तिथे माझी पाळी येते. मी पानांना सांगतो, तुमच्याजवळ असेल नसेल ते आता दाण्याला द्या. पानं देतात. देता देता त्यांचा हिरवेपणा जातो आणि ती पिवळी पडतात. मग मी दाण्यातलं पाणी कमी होऊ देतो, पाण्यावाचून जिवंत कसं राहायचं ते त्याला शिकवतो आणि शेवटी त्याला झोपवतो. आत्ता उगवू नकोस, तुझी वेळ यायची आहे, असं त्याला सांगत बसतो.

हे मी केलं नाही, तर दाणा ओंबीतच उगवेल. मग त्याचं पीठ होत नाही, चिकट लगदा होतो, आणि त्याची पोळी लाटायला घ्याल तर ती पोळपाट सोडणार नाही. वर्षाचे गहू भरून डब्यावर झाकण लावता ना, त्या झाकणाखाली इतके महिने मी जागा असतो म्हणून तुमचे दाणे झोपलेले असतात. मेहेरबानी मानू नका. पण 'पाने गळणे' एवढं तरी म्हणू नका!

मला मान देणारी एकच मुलगी मी पाहिली. रेवती तिचं नाव. पार्ल्याच्या एका कॉलेजात ती वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करते. तिने प्रबंधाला विषय घेतला तोच माझा. पीक कापणीला आलं आणि अवकाळी पाऊस झाला, तर उभ्या ओंब्यांमध्ये मोड येतात आणि हाताशी आलेलं सगळं जातं. पण काही गहू असे असतात की त्यांच्यात माझा जोर जास्त असतो. भिजले तरी ते सहजासहजी उठत नाहीत. असा एक गाढ झोपणारा गहू रेवतीच्या मार्गदर्शक मृणालिनी मॅडमनी वर्षानुवर्षं निवडत निवडत आणला होता. निवृत्त होताना त्यांनी एका डबीतलं बियाणं रेवतीच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "एवढंच आहे. टिकव. पुढच्या वर्षी पेरायला तुझंच तुला करावं लागेल."

टिकव म्हणे! कुणाच्या भरवशावर टिकवायचं?

डबी विभागाच्या फ्रीजमध्ये होती. दिवाळीच्या सुट्टीआधी कॉलेज सजवायचं ठरलं आणि कुणीतरी फ्रीजचा प्लग काढून तिथे रोषणाईच्या माळांचा प्लग लावला. सुट्टीभर दिवे लुकलुकले आणि फ्रीज आतून घामाघूम झाला. डबीचं झाकण नीट लागलं नव्हतं. रेवतीने सुट्टीनंतर डबी उघडली तेव्हा निम्म्याहून जास्त दाण्यांवर बुरशी होती. प्लग कुणी काढला? विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. "अगं, गहूच ना? वाण्याकडून आण की," असंही एकजण म्हणाला. त्या क्षणी मला हात असते तर!

वाचलेले दाणे रेवतीने कॉलेजच्या गच्चीवर कुंड्यांत पेरले. शेजारच्या इमारतीत एक पुण्यवान गृहस्थ रोज सकाळी कबुतरांना ज्वारी घालतात. ज्वारी संपली की ती सगळी फौज आमच्या गच्चीवर यायची आणि कोवळी रोपं उपटून टाकायची. उरलेल्या कुंड्या गच्चीच्या दुरुस्तीला आलेल्या माणसांनी जिन्याखालच्या अंधारात नेऊन ठेवल्या. रोपाला ऊन लागतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. रेवतीला पत्ता लागेपर्यंत बहुतेक मेली होती. एक कुंडी तेवढी जिवंत निघाली. ती मांडीवर घेऊन रेवती पार्ल्याहून मुलुंडपर्यंत रिक्षाने आली. जोगेश्वरी-विक्रोळीच्या रस्त्यावर रिक्षा तुंबून उभी होती तेव्हा ती ओढणीने रोपावर सावली धरत होती. मॅडमच्या इतक्या वर्षांच्या कामातलं आता तेवढंच शिल्लक होतं.

मुलुंडच्या घरी रेवतीचे आईबाबा, जयंती आणि अनंत. माणसं वाईट नाहीत. वाईट असती तर निदान मला नीट शिव्या तरी देता आल्या असत्या.

जयंतीबाईंची आणि गव्हाची ओळख जन्माची. दर नवरात्रात त्या घटाभोवती माती पसरून गहू पेरतात. रोज न चुकता पाणी शिंपडतात. रोपं तरारून वर आली की घराची भरभराट होणार म्हणून त्यांचा चेहरा फुलतो. दसऱ्याला ती कोवळी पाती देवाला वाहतात, एक तुरा केसांत खोवतात. बाकी वर्षभर गहू त्यांना भेटतो तो डब्यात. म्हणजे या बाईंनी गहू बघितलाय तो एक तर बोटभर उंचीचा, नाही तर दळणाला निघालेला. या दोन्हींच्या मधे काय होतं, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पण गव्हाचं आपल्याला सगळं कळतं, याविषयी त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

अनंतराव बँकेतून नुकतेच निवृत्त झालेले. निरोपाचा हार सुकला नव्हता तोवर सगळ्यांनी त्यांना विचारायला सुरुवात केली, "मग, आता पुढे काय?" कुणी त्यांना घटकाभर स्वस्थ बसू देईना. तेही हात शिवशिवल्यासारखे घरभर फिरत होते. आणि तेवढ्यात बाल्कनीत ही कुंडी आली.

थंडी सरली, ओंब्या आल्या, दाणे दुधाने भरले. सगळं ज्याच्या त्याच्या वेळेवर चाललं होतं. मुंबईच्या घामट हवेत एवढं जमवणं सोपं नव्हतं, पण रोप चिवट होतं. मी कामाला लागलो, आणि नेमकं तेव्हाच रेवतीला वर्गाबरोबर निफाडकडची शेतं बघायला जावं लागलं.

निघताना तिने बाल्कनीत उभं राहून आईला बजावलं. "आई, आता पाणी अजिबात घालायचं नाही. एक थेंबही नाही. पानं पिवळी पडतील, पडू दे. ओंब्यांना हात लावू नका. मी आले की कापेन. मॅडमचं बी एवढंच उरलंय, कळतंय ना तुला?"

"हो गं बाई, कळतंय. मी कशाला हात लावतेय तुझ्या प्रयोगाला?"

हे त्या अगदी मनापासून बोलल्या होत्या. म्हणूनच मला जास्त राग येतो.

रेवती गेली आणि पानं पिवळी पडू लागली. आधी टोकं, मग खालची पानं, मग वरची. मी खूश होतो. दाण्यात भराभर माल येत होता. ओंब्या सोनेरी होत होत्या. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम होत आलं होतं, आणि जयंतीबाई दारात उभ्या राहून चुकचुकत होत्या.

"अहो, हे बघितलंत का? मरायला टेकलंय."

"रेवती म्हणाली होती ना, पिवळं पडेल म्हणून," अनंतराव पेपरमधून म्हणाले.

"पिवळं म्हणजे इतकं पिवळं? पोरीचा जीव आहे त्यात. ती यायच्या आत गेलं तर कुठल्या तोंडाने सांगू तिला? वाटीभर पाणी घालते. वाटीभराने काय होतंय?"

वाटीभराने काय होतंय! या एका वाक्याने जगातल्या किती गोष्टींची वाट लागली असेल.

पाणी आलं. मी घाबरलो, पण सावरलो. एका वाटीने मी हलत नाही. पण दुसऱ्या दिवशी दुसरी वाटी आली, आणि संध्याकाळी शेजारच्या वनमालाकाकू कुंडी बघायला आल्या. या देवगडकडच्या, गावच्या भातशेतीचा त्यांना अभिमान. म्हटलं, या तरी सांगतील. पिकलेलं भात पिवळं होतं, हे या बाईने लहानपणापासून पाहिलं असेल.

"गो जयंती, ह्यां पिवळां कित्याक पडलां?" त्यांनी डोळे बारीक केले.

"तेच तर ना वनमालाताई! तुमचं भातपण असं होतं का?"

"भात होतां गो पिवळां. पण तां शेतातलां. ह्यां कुंडीतलां. कुंडीतलां झाड पिवळां पडलां म्हणजे पाणी कमी. माझी शेवंती तशीच गेली."

शेतात पिवळं झालं तर पिकलं आणि कुंडीत पिवळं झालं तर मेलं! कुंडी आडवी आली म्हणून गव्हाने आपला स्वभाव बदलायचा? मी आतून ओरडत होतो, पण माझं ओरडणं पानांनाच कळतं आणि पानं तर सुकत होती.

मग अनंतरावांना काम मिळालं. ते चप्पल घालून नर्सरीत गेले आणि एक हिरवी बाटली घेऊन आले. "तो म्हणाला, अंकल, झकास आयटम आहे, मेलेलं झाड उभं राहील," असं त्यांनी घरात येताच जाहीर केलं. बाटलीत कोण होता सांगू? जिबरेलिन. आमचाच भाऊबंद. त्याला बाटलीत भरून विकतात, सायटोकायनिनला विकतात, ऑक्झिनला विकतात. वाढवणाऱ्यांना सगळीकडे गिऱ्हाईक आहे. थांबवणाऱ्याची बाटली त्या फळीवर तुम्हाला दिसणार नाही.

अनंतरावांनी इस्त्रीचा फवारा घेतला, त्यात ते औषध कालवलं आणि सकाळ-संध्याकाळ थेट ओंब्यांवर मारायला सुरुवात केली. वर ऊन लागू नये म्हणून प्लास्टिकची पिशवी घातली. आत वाफ धरली. भर उन्हाळ्यात त्यांनी माझ्या रोपाला घरगुती पावसाळा करून दिला!

जिबरेलिनचा तरी काय दोष? बोलावलं, तो आला. दाण्यातलं पिठाचं कोठार फोडायचं, त्याची साखर करायची आणि कोंबाला खाऊ घालायची, हे त्याचं काम. ते तो पेरणीनंतर करतो तेव्हा मीच बाजूला होतो. पण आत्ता? दाण्याने घर सोडलेलं नाही, पायाखाली माती नाही, पुढे सगळा वैशाख आहे आणि हा उठा उठा करत दारं वाजवतोय! मी एकेका दाण्यात दार धरून उभा राहिलो. पाणी मला धुऊन काढत होतं. एक दाणा फुगला. त्याची साल फाटली. मग दुसरा. ज्यांना मी इतके दिवस थोपटून निजवलं होतं, ते माझ्या डोळ्यांसमोर उठत होते आणि मी काही करू शकत नव्हतो. उठलेला दाणा पुन्हा झोपत नाही हो! एकदा उठला की उठला.

जयंतीबाईंनी फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. 'आमच्या बाल्कनीतला गहू. मरता मरता वाचला.' खाली अंगठ्यांची आणि हात जोडल्यांची रांग लागली. एकालाही शंका आली नाही.

त्याच दिवशी रेवतीचा फोन आला.

"आई, कुंडी कशी आहे? पिवळी पडली ना सगळी?"

"नाही गं, काळजी करू नकोस. हिरवीगार केलीय आम्ही. बाबांनी औषध आणलं, वर पिशवीही घातली. अगं, ओंबीतूनसुद्धा हिरवे हिरवे कोंब फुटलेत! तू बघच."





"पाणी बंद कर, आई," रेवती म्हणाली. "पिशवी, औषध, काय असेल ते बंद कर. मी निघते."

ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. पाठीवरची बॅग न काढता बाल्कनीत गेली. पिशवी बाजूला केली. ओंब्यांतून कोंब बाहेर आले होते, बारीक हिरवे, मुळं लोंबकळत होती. जयंतीबाई तिच्या मागे कौतुकाची वाट बघत उभ्या होत्या. अजूनही!

"मी काय सांगून गेले होते?"

"अगं, पण ते मरत होतं..."

"मरत नव्हतं! पिकत होतं!" रेवती ओरडली. खालच्या मजल्यावरच्या कुणीतरी खिडकीतून वर पाहिलं. "आई, ते पिकत होतं गं! त्याचं संपत आलं होतं सगळं. तुला थांबवत का नाही? तुला एखादी गोष्ट नुसती बघवत का नाही?"

शाबास! मी म्हटलं, बोल पोरी, अजून बोल. माझ्या वाटचंही बोल. पण ती खाली बसली आणि रडायला लागली. अनंतराव हातातला फवारा कुठे लपवावा ते न कळून तसेच उभे राहिले.

"मॅडमना काय सांगू मी, बाबा? त्यांचं सगळं यातच होतं. आता कुठून आणू?"

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले, कात्री आणली आणि ओंब्या कापल्या. पेपर पसरून एकेक ओंबी तळहातावर चोळली, फुंकर मारून कोंडा उडवला. फुटलेले दाणे एका बाजूला. त्यांचा ढीग वाढत गेला. आणि मधेच तिचा हात थांबला. त्याच ओंबीतला, त्याच पाण्यात भिजलेला, तेच औषध प्यालेला एक दाणा तिच्या तळहातावर होता. घट्ट, बारीक, तांबूस, कुठेही न फाटलेला. मग आणखी एक मिळाला. मग आणखी. सगळे मिळून चिमूटभर भरले असतील.

"हे उठले नाहीत," ती हळूच म्हणाली. "एवढं करूनही हे उठले नाहीत, बाबा. मॅडमना असेच हवे होते."

आणि अनंतराव काय म्हणाले माहीत आहे? "म्हणजे एका परीने चांगलंच झालं ना? आमच्यामुळे परीक्षा झाली त्याची."

चांगलं झालं? अहो, त्या ढिगातले दाणे कुणाचे होते? त्यांतही मीच होतो! सुक्या हवेत निजले असते तर तेही पुढच्या वर्षी पेरता आले असते, त्यांच्यातलेही गाढ झोपणारे पारखून काढता आले असते. रेवतीने बाबांकडे असं पाहिलं की त्यांनी फवारा खाली ठेवला.

"पण हे जिवंत असतील ना गं?" जयंतीबाईंनी भीत भीत विचारलं. "की आतून गेले असतील?"

"माहीत नाही. नोव्हेंबरात पेरल्यावर कळेल."

"एवढे महिने थांबायचं? एखादा भिजवून बघूया का? एकच."

मला वाटलं, आता ही मुलगी घर डोक्यावर घेणार. पण रेवती ओरडली नाही. तिने दाणे एका कोरड्या काचेच्या बाटलीत भरले, घट्ट बूच लावलं आणि ती आईसमोर धरली.

"आता कॉलेजात ठेवायची माझी हिंमत नाही. तुझ्या कपाटात ठेव. पण उघडायची नाही."

मी आतून किंचाळलो. हिच्याकडे? अगं, हिच्याकडे देतेस?

जयंतीबाईंनी हात पुढे केला. बाटलीपर्यंत गेलेला हात त्यांनी मागे घेतला आणि पदराला पुसला, पुसण्यासारखं काही नसताना.

"माझ्याकडे नको देऊस," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "मला राहवायचं नाही गं. मी उघडेन. तुझ्या कपाटात ठेव आणि किल्ली मला दाखवू नकोस."

रेवती सोडली तर या घरात माझ्या बाजूने कुणी बोललेलं हे पहिलंच वाक्य होतं. रेवतीने आईच्या खांद्यावर क्षणभर कपाळ टेकलं आणि बाटली घेऊन आत गेली.

आता मी त्या बाटलीत आहे. बाहेर घाम गाळणारा उन्हाळा आहे, मग पाऊस येईल, सगळं घर ओलं होईल, आणि मी या चिमूटभर दाण्यांना थोपटत राहीन. रेवतीला खात्री नाही, ती रोज कपाटाकडे बघून सुस्कारा टाकते. तुम्हाला म्हणून सांगतो, तिला सांगता येत नाही: हे सगळे जिवंत आहेत. एकूण एक.

माझा राग गेलाय असं समजू नका. ढिगातले ते दाणे जयंतीबाईंनी कुंडीत पुरले, थोडी हिरवळ आली आणि चार दिवसांच्या उन्हात जळून गेली. त्यांची आठवण आली की अजून माझं डोकं फिरतं. तेव्हा हात जोडून नाही, ठणकावून सांगतो. कुणी पिवळं पडताना दिसलं तर पाण्याची वाटी घेऊन धावण्याआधी क्षणभर उभे राहा आणि ते मरतंय की पिकतंय, एवढं तरी बघा. आणि कळलं नाही, तर जयंतीबाई बोलल्या तसं खरं बोला आणि हात मागे घ्या.

आता आवाज करू नका. दाणे झोपलेत.